लोकरीची झूल

“माय, पाय पूस आधी!” रुख्मिणी चुलीपुढून ओरडली.

सरजाबाईचा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला होता. डोक्यावर हंडा, कडेवर तान्हा दत्ता, आणि हापशावरच्या चिखलानं घोट्यापर्यंत भरलेले पाय. तिला जरा रागच आला. तरी तिनं हंडा उतरवला, उंबऱ्यापाशी टाकलेल्या पोत्याच्या तुकड्यावर पाय घासले आणि मग म्हणाली, “हितं काय तुजं कंपूटर बसवलंय का? शेणानं सारवलेलं घर हाय हे.”

“सवय लागाय पायजे ना माय. एकडाव हात ओला ऱ्हायला नि बटणाला लागला, मंजी?”

“मंजी काय?”

“मंजी माणूस बी जातंय नि मशीन बी.” रुख्मिणीनं भाकरी उलटली. “सर म्हणतेत, आधी माणूस जपा, मग मशीन.”

खाटेवर बसून तंबाखू मळणारा तिचा आजा, धोंडीबा, हे ऐकत होता.  खाली उतरताना त्यानं आपले कोरडे, भेगाळलेले पाय एकदा उगीच पोत्यावर पुसले. ते पाहून सरजाबाईला हसू आलं आणि ते लपवायला तिनं दत्ताला छातीशी घेतलं.

खैरगावच्या हायस्कुलात गेल्या साली दिल्लीच्या कुठल्याशा योजनेतून दोन कंपूटर आले होते. बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवून ते जिंतूरच्या रस्त्यावरून आणले, तेव्हा अर्धं गाव गाडीमागं चाललं होतं. त्यांच्यासाठी शाळेनं एक खोली चुना मारून घेतली, आणि साऱ्या शाळेत फक्त त्या खोलीच्या खिडक्यांना काचा बसल्या. बाकीच्या वर्गांत कवाडं होती, ती वाऱ्यावर आपटत राहायची.

खोली लोमटे सरांच्या ताब्यात होती. पण सर गणितही शिकवायचे, शास्त्रही शिकवायचे, सगळा वेळ खोलीत कुठून राहणार? म्हणून त्यांनी एकेका वर्गातला एकेक जण नेमला. नववीचा जिम्मा रुख्मिणीकडं होता. पोरांच्या चपला बाहेर उतरवायच्या. हात धुवून पुसायला लावायचे. दप्तरात शेंगा, बोरं असतील तर ती ओसरीवर ठेवायची. बटण दाबायच्या आधी विजेच्या खोक्यावरचा काटा बघायचा. कुणी रागानं दुसऱ्यानं केलेलं काम पुसू नये, कुणी उगाच वायर ओढू नये आणि बंद करताना सगळं ज्या क्रमानं लावलं त्याच्या उलट्या क्रमानं बंद करावं, हे पाहायचं. काही बिघडलं तर झाकायचं नाही, लगेच सांगायचं.

श्रावणात एकदा गावातल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एका वेळी चालू झाल्या. काटा डळमळत खाली आला. पोरं “अजून थोडं, अजून थोडं” म्हणत होती. रुख्मिणीनं एकेकाला उठवलं, मशिनी बंद केल्या. पोरं तिला ‘फौजदारीण’ म्हणून चिडवू लागली. नंतर जरा वेळानं वीज अशी उसळली की हेडमास्तरांच्या खोलीतला बल्ब फुटला. तेव्हापासून चिडवणं चालूच राहिलं, पण पोरं तिचं ऐकायला लागली.

हे सगळं सरजाबाई पोरीकडून भाकरी थापताना, मेंढरांच्या पायातले काटे काढताना ऐकत आली होती. ती स्वतः चार इयत्ता शिकली होती. पाचवीत जायच्या वयात ती सासरी आली.

*

यंदा पावसानं लवकर हात आखडला. भादव्यातच माळ पिवळा पडला आणि गवत बोटात धरलं की मोडू लागलं. चारठाण्याकडच्या वाड्या वस्त्यांवरची मेंढरं केव्हाच खाली उतरली होती. धोंडीबानं ठरवलं, दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं. सोनपेठच्या अंगाला, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं. तिकडं मोकळ्या झालेल्या रानांत मेंढरं बसवायची, फाल्गुनापर्यंत.

“माणसं किती हायत?” धोंडीबा कातर दगडावर घासत म्हणाला. तो, मुलगा सिताराम आणि सून अशी तिघं परसात लोकर कातरायला बसली होती. सितारामनं मेंढीचे चारी पाय धरले होते. “मी, तू, सरजा. सरजाच्या कडंला लेकरू. कोकरं कोण सांभाळणार? रुख्मी यायला पायजे.”

सितारामनं मेंढीचे पाय अजून घट्ट धरले. तो बापापुढं नेहमी गप्प राहायचा.

सरजाबाईनं कातरलेली लोकर ओच्यात गोळा केली. “मामा,” ती म्हणाली, “पोरीची साळा हाय.”

“साळा गेली तर काय मरत न्हाई माणूस. मेंढरं मेली तर मरतंय.”

“तिच्याकडं त्या खोलीचा जिम्मा दिलाय.”

“जिम्मा!” धोंडीबा हसला. त्याच्या हसण्यात कडूपणा नव्हता, फक्त विश्वास नव्हता. “मास्तरनं पोरीला झाडलोट दिली असंल, नि पोरगी त्याला जिम्मा म्हणायलीय. तू बघितलंस का जाऊन?”

सरजाबाईनं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती केशरबाईंच्या रानात कापूस वेचायला गेली होती. पहिली वेचणी. बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा सोलल्या होत्या, आणि बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत दत्ता मधूनच किरकिरत होता. केशरबाई स्वतः बांधावर छत्री घेऊन उभ्या होत्या. बाई वाईट नव्हती, पण तिच्या तोंडाला विसावा नव्हता.

“काय गं सरजे, तुजी लेक म्हणं आमच्या किसनला खोलीतून हाकलायलीय.”

“हाकललं न्हाई काकू. त्याच्या अंगाला कापसाचं तूस हुतं, म्हणून आंगरखा बाहेर झटकून ये म्हणली.”

“आमचाच कापूस, आमचंच तूस, नि आमच्याच पोराला बाहेर! मेंढरामागच्या पोरीनं आता आमाला सोवळं शिकवावं!”

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सरजाबाईनं मान खाली घालून ओटीतला कापूस दाबला. पण दुपारी भाकरी खायला सुट्टी झाली तेव्हा ती बसली नाही. दत्ताला झोळीतून काढून तिनं पाठीशी बांधलं आणि तडक हायस्कुलाचा रस्ता धरला.

ओसरीवर पोरांच्या चपला ओळीनं लावलेल्या होत्या. लोमटे सर दारात उभे होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला, उंच, वाकलेला माणूस. सरजाबाई पायरीखालीच थबकली.

“रुख्मिणीच्या आई ना? या. पाय धुवा, पुसा आणि आत या.”

तिनं रांजणातलं पाणी पायावर घेतलं, पुसलं. अंगावरचं तूस झटकलं, अगदी दत्ताच्या टोपड्यावरचंसुद्धा. मग आत गेली. खोलीत गार वाटत होतं. खिडकीपाशी दोन मेजं, त्यांवर दोन मशिनी, आणि एकीपुढं रुख्मिणी. तिच्या दोन्ही बाजूंना मुलं उभी होती, आणि सगळी तिचं बोलणं ऐकत होती.

रुख्मिणीनं आईला पाहिलं. ती लाजली नाही. “माय, हिकडं ये. हात लावू नको हां.” तिनं थांबून थांबून बटणं दाबली. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं उमटली. “ही बघ. इंग्रजीत हाय. ही तू. सरजाबाई.”

सरजाबाई त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिला ती वाचता येत नव्हती. आपलं नाव इतकं लांब असतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. रुख्मिणीनं मशिनी बंद केल्या आणि दोन्हींवर जुन्या चादरी टाकल्या. सरांच्या घरच्या असाव्यात, एकीला ठिगळ होतं. सरजाबाईच्या मनात ते ठिगळ राहिलं.

*

“चादर?” धोंडीबानं विचारलं. “एवढ्या मोलाच्या जिनसाला चादर? फुफाट्यात चादरीतून पिठावानी धूळ गळती.”

“मशिनी बंद केल्या का तीच टाकतेत. समदं रुख्मीलाच करायला लावतेत, मामा. मी डोळ्यांनी बघितलं. सारी पोरं तिचं ऐकतेत. केशरकाकूचा किसन सुद्धा.”

धोंडीबा लोकर कातायच्या चातीला पीळ देत राहिला. चाती गरगर फिरत खाली उतरायची, तो धागा गुंडाळायचा, पुन्हा सोडायचा.

“लोकरीला विटाळ न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “देवापुढं बसायला घोंगडी लागती. बाळंतिणीला घोंगडी लागती. धुरळा बसू देत न्हाई, पाणी शिरू देत न्हाई. सरजे, त्या मशिनीला आपण झूल करू.”

“झूल?”

“बैलाला घालतेत तशी. आपली रीत तुला ठावं हाय. ज्याच्या अंगावर आपली घोंगडी टाकली, त्याची राखण आपल्यावर आली. पाव्हणा असू दे, का दुसऱ्याचं जनावर. मग कुणी इचारायचं न्हाई. खंडेनवमीला साळेत मशिनींची पूजा हाय म्हणं. त्या दिशी झूल नेऊ. साळेनं ती मशिनीवर घेतली, तर रुख्मी त्या खोलीची राखणदार. मग मी तिला मेंढरामागं न्यायचा सबूद काढणार न्हाई. हितंच ऱ्हाऊ दे. मी ऱ्हाईन तिच्यासंगं.”

सिताराम मेंढरांना पाणी दाखवून आत येत होता, तो दारातच थांबला. बाप घरी राहणार? वयाच्या आठव्या वर्षापासून दरसाल खाली उतरणारा हा माणूस?

“आन् घेतली न्हाई तर?” सरजाबाईनं विचारलं.

“तर ती झाडलोटच हुती असं समजायचं. माप काय हाय?”

सरजाबाईनं मनात खोली आठवली. मेज, मशीन, वरची काच. मग मांडीवर झोपलेल्या दत्ताकडं पाहिलं. “आपल्या दत्त्याएवढं हाय,” ती म्हणाली. “निजवला तर डोस्क्यापासून पायापतुर मावंल.”

रुख्मिणीला सांगायचं नाही, असं ठरलं. पोरीचं तोंड तेव्हा कसं होईल हे सरजाबाईला बघायचं होतं.

मग पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. पहाटे दळण, मग कापूस, संध्याकाळी मेंढरांचं, आणि मधल्या चिमटीएवढ्या वेळात लोकर पिंजायची. काळ्या मेंढीची मऊ, मानेखालची लोकर तिनं वेगळी काढली. दत्ताला एका बाजूनं पाजायचं आणि दुसऱ्या हातानं लोकरीतली कुसळं वेचायची. धोंडीबानं चिंचोके भाजून भिजवले, कुटून खळ शिजवली, ताणलेल्या धाग्यांना ती कुंचल्यानं लावली. परसातल्या लिंबाखाली त्याचा माग होता. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि धागे घट्ट बसवायला लाकडी हत्या ठोकायचा. रुख्मिणी शाळेतून यायची, विचारायची, “आबा, कुणाची घोंगडी?” तो म्हणायचा, “हाय एका राजाची.”

काठाला त्यानं पांढऱ्या लोकरीचा पट्टा घातला. कोपऱ्यात एक लहानसा मोर. त्याच्या बापानं लग्नातल्या घोंगडीवर काढला होता तसा. ते मोराचं काम तो कैक वर्षांत विसरला होता, बोटांना मात्र ते आठवलं.

*

खंडेनवमीच्या सकाळी धोंडीबानं धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. झूल घडी करून दोन्ही हातांवर घेतली. मागं सिताराम, त्याच्यामागं दत्ताला घेतलेली सरजाबाई. वाटेत माणसं विचारत होती, “काय हाय धोंडीबा?” आणि तो नुसता मान उंच करून चालत होता.

शाळेच्या ओसरीवर बाक मांडून त्यावर पूजेचं केलं होतं. पाट्या, भूमितीच्या पेट्या, घंटेचा हातोडा. नारळ पायरीखाली फोडला. कापूरही तिथंच लावला. हळदकुंकू खोलीच्या चौकटीला वाहिलं. मशिनी आत चालू होत्या, गावाला दाखवायला.

सरपंच पुढं सरकले. रुख्मिणी दारातच उभी होती, दोन वेण्या, निळा फ्रॉक.

“काका, चपला. आन् तोंडातला तंबाखू.”

“आरं तिच्या! मी सरपंच हाय बाई.”

“व्हय काका. म्हणूनच आदी तुमी. मंजी बाकीचे आपसूक ऐकतेत.”

लोक हसले. सरपंच पायरीवरून खाली गेले, तोंड मोकळं करून आले आणि हात पुसून आत शिरले. सरजाबाईनं सासऱ्याकडं चोरून पाहिलं. म्हाताऱ्याचे डोळे पोरीवरून हलत नव्हते.

मग तो पुढं झाला. पायरीवर त्यानं चपला काढल्या, पाय पुसले. झूल उलगडली. काळीभोर, काठाला पांढरी, कोपऱ्यात मोर. बघणाऱ्यांत ‘वा वा’ झाली.

“मास्तर,” धोंडीबा मोठ्यानं म्हणाला, “गरिबाच्या घरची हाय. माझ्या हातची. त्या मशिनीच्या अंगावर घालायची. एकडाव ही पडली का आमची पोरगी तुमच्या खोलीची. तिला मी मेंढरामागं नेणार न्हाई. समद्या गावासमोर बोलतो.”

रुख्मिणीनं झुलीकडं पाहिलं. मग आजाकडं. तिचं तोंड आधी फुललं, जसं सरजाबाईनं मनात कितीदा पाहून ठेवलं होतं तसंच. आणि मग, सरजाबाईच्या डोळ्यांसमोर, ते हळूहळू उतरलं.

तिनं सरांकडं पाहिलं. लोमटे सरांनी झूल पाहिली, म्हातारा पाहिला.  ते बोलायला गेले आणि थांबले. “रुख्मिणी,” ते हळू म्हणाले, “खोली तुझ्याकडं आहे. तू सांग.”

 नारळाच्या पाण्यावर माश्या घोंघावत होत्या.

“आबा,” रुख्मिणी म्हणाली. तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा सुरुवात केली. “आबा, ही मशिनीवर चालत न्हाई.”

“काय?”

“लोकरीत वीज साठती आबा. वाळल्या हवंत घासली का ठिणगी पडती. आपल्या घोंगडीतून थंडीत कडकड वाजत न्हाई का? तीच. आपल्याला चिमटा बसल्यावानी लागती, पण मशिनीच्या आतलं जळून जातंय. आन् हिचे केस आत शिरतेत. लोकरीचं काहीच आत आणायचं न्हाई, असं मी समद्यांना सांगतेय. स्वेटर घातलेल्याला बी.”

“ही लोकर हाय,” धोंडीबा म्हणाला. जणू तिला ऐकू गेलं नव्हतं. “हिला विटाळ न्हाई.”

“ठावं हाय आबा.”

“मी काय बोललो ते ऐकलंस ना तू? घेतली न्हाई तर—”

“ऐकलं.” आता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती दारातून बाजूला झाली नाही. दोन्ही हात चौकटीला धरून उभी राहिली. “तरी बी न्हाई चालत.”

सरपंचांनी आतून हसून म्हटलं, “धोंडीबा, मला तंबाखूवर सोडलं गड्या. तुला तर नातीनं दारातच आडवलं!”

कुणी कुणी हसलं. केशरबाई हसल्या नाहीत, पण मान वळवून शेजारणीशी काहीतरी बोलल्या. धोंडीबानं झुलीची घडी घातली. एकदा, दोनदा, नीट काठाला काठ लावून. घडी वाकडी बसली, तर त्यानं ती मोडून पुन्हा घातली. मग तो पायरी उतरला. चपला घालायच्या विसरला. सितारामनं त्या उचलून हातात घेतल्या आणि बापामागं चालू लागला.

लोमटे सर पाठोपाठ फाटकापर्यंत आले. “बाबा,” ते म्हणाले, “तुमच्या नातीनं—” पण धोंडीबा थांबला नाही.

*

त्या संध्याकाळी रुख्मिणी जाळीच्या वाघुरात कोकरं कोंडत होती. सरजाबाई तिच्या बाजूला जाऊन बसली. पोरीचं नाक लाल झालं होतं. एक कोकरू तिचा फ्रॉक चघळत होतं, आणि ती त्याला चघळू देत होती.

“मला आदी का सांगितलं न्हाईस माय?”

“तुजं तोंड बघायचं हुतं मला. सर कायतरी करून आजच्यापुरती घालू देतेत, असं वाटलं मला. तू बी हूं म्हणशील. उद्या काढली असती. तू ऱ्हायली असतीस.”

“उद्या कापूस झटकायला किसनला बाहेर पाठवलं असतं, तर त्यानं म्हणलं नसतं का, तुज्या आबाची घोंगडी चालती नि माजा आंगरखा चालत न्हाई? मग मी काय सांगितलं असतं?”

 तिनं पोरीची वेणी सोडली, केसांत बोटं घातली आणि पुन्हा विणायला घेतली. ही आपल्याच पोटची का, असं तिला वाटून गेलं. त्या इवल्या दारात ही एकटी उभी होती, समोर सगळं गाव. आणि आपण बापापुढं, सासऱ्यापुढं, केशरबाईपुढं कधी मान वर केली नाही. वेणी घट्ट झाली तशी रुख्मिणी “आं” म्हणाली.

“तुजी पाटी-पुस्तकं बांधून घे संगं,” सरजाबाई म्हणाली. “तळावर वाचशील.”

“व्हय.”

दसऱ्याला धोंडीबानं आपट्याची पानं सगळ्यांना दिली. रुख्मिणी पाया पडली तेव्हा त्यानं तिच्या हातावर पान ठेवलं, पण डोक्यावर हात ठेवला नाही. दिवसभर तो घोड्याचं खोगीर, दोरखंड, पाण्याच्या पखाली बघत राहिला. झूल खुंटीवर घडी केलेली तशीच होती.

निघायच्या दिवशी पहाट अजून फुटायची होती. सरजाबाई दत्ताला पाजत पडली होती. खाट करकरली. धोंडीबा उठला, चाचपत खुंटीपाशी गेला. त्यानं झूल काढली आणि अंगावरच्या घोंगडीवर ठेवून ओढली. कोरड्या गारव्यात कडकड वाजलं. काळोखात निळ्या ठिणग्यांची एक बारीक ओळ काठावरून पळत गेली आणि विझली.

त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा.

“रुख्मे,” त्यानं हाक मारली.

रुख्मिणी डोळे चोळत आली. “काय आबा?”

“ह्येच का?”

त्यानं झूल ओढली. ठिणग्या उडाल्या.

“ह्येच आबा.”

“जलमभर बघतोय मी. माज्या मायच्या कुशीत बघायचो. देवाचं चांदणं म्हणायची ती.” त्यानं झूल मांडीवर घेतली. “यानं मशीन मरतंय?”

“मरतंय आबा.”

“आन् तू हूं म्हणली असतीस, नि मशीन मेलं असतं, तर?”

“तर दोन्हीतलं एक गेलं असतं. मी लपवलं बी नसतं. सांगितलंच असतं, आमच्या झुलीनं गेलं म्हणून.”

म्हातारा काळोखात हसला का खोकला, सरजाबाईला कळलं नाही.

“सरजे,” तो म्हणाला, “जागी हायस ना? ऐक. मागल्या साली मी सितारामला म्हणलो, रातचं कुणी बी आलं तर कुत्रं सोड, मी आलो तरी सोड. तर सोडलं का ह्यानं? बापाचा आवाज ऐकला नि आवरलं. ह्या पोरीनं माज्या अंगावर बी सोडलं.” त्यानं घसा साफ केला. “झाडलोट न्हवती ती. रुख्मी हितं ऱ्हाईल. मी बोललो हुतो तसा मी बी ऱ्हाईन.”

“पण मामा, झूल तर पडली न्हाई मशिनीवर,” सरजाबाईच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

“न्हाई पडली. रीत मोडली मी. तू कुणाला सांगू नको.”

सितारामनं गोधडीतून तोंड बाहेर काढलं. “आन् कोकरं?”

“तुज्या चुलतभावाचा मेंढरांचा वाडा मानवतच्या रस्त्याला गाठ. त्याच्यात मिळव. लंगडी मेंढरं हितं ऱ्हाऊ दे माज्यापाशी. सगळं मीच सांगू का?”

*

उन्हं वर आली तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं. रुख्मिणी शाळेला पुढं निघून गेली होती. पूजेनंतर खोली आज पहिल्यांदा उघडायची होती, तिला लवकर जाणं भाग होतं. जाताना तिनं दत्ताचे गाल इतके चावले की तो रडला, आणि आईच्या गळ्यात पडून ती स्वतः मात्र रडली नाही. “साळेवरूनच जाणार ना माय? मी बाहेर येते,” ती म्हणाली.

सरजाबाईनं दत्ताला घोड्यावर बांधायला काही हवं म्हणून इकडंतिकडं पाहिलं. धोंडीबानं खुंटीवरची झूल काढून पुढं केली.

तिनं ती पसरली, दत्ताला तिच्यावर निजवलं. डोक्यापासून पायापर्यंत बरोबर मावला. मोर त्याच्या छातीवर आला.

“माप बराबर घेतलंस,” म्हातारा म्हणाला.

मेंढरं गावातून निघाली तशी फुफाटा उठला. दोन महिन्यांच्या कोरड्या रस्त्याचा, नाकातोंडात जाणारा, पांढरा फुफाटा. धोंडीबा शाळेपर्यंत पोचवायला आला होता. फाटकापाशी पोचताच तो काठी उंच करून ओरडला, “सिताराम, वाऱ्याच्या खालच्या अंगानं घे! तिकडं, नाल्यानं घे! खोली हाय तिकडं!”

पण मेंढरं ती. पुढची वळली, मागची सरळ आली. धुळीचा लोट मैदान ओलांडून ओसरीकडं निघाला.

सरजाबाई घोड्याचा कासरा धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. टाचा उंचावून ती दाराकडं बघत होती. आता पोरगी बाहेर येईल. आता येईल.

दार उघडलं नाही. खिडकीत रुख्मिणी दिसली. तिनं धूळ पाहिली, आईला पाहिलं. एक हात वर उचलला, आणि त्याच हातानं खिडकी ओढून लावून घेतली. मग दुसरी. मग तिसरी. आत कुणाला तरी ती काही सांगत होती, बोट दाखवून. दाराच्या फटीला आतून ओलं फडकं कुणीतरी दाबलं, तेही दिसलं.

“बघ, बाहेर बी आली न्हाई,” सिताराम खट्टू होऊन म्हणाला. “आपलीच मेंढरं, नि आपल्याच तोंडावर खिडकी.”

“मग?” सरजाबाई म्हणाली. “तुमाला काय वाटलं, उघडी ठेवील?”

तिच्या डोळ्यांत धूळ गेली होती. तिनं पदरानं डोळे पुसले, झुलीतल्या दत्ताच्या तोंडावर पदर ओढला आणि कासरा हलवला. काचेमागं पोरीचं तोंड चिकटलं होतं, नाक चपटं झालेलं. फाटकाशी धोंडीबा उभा होता, धुळीनं पांढरा, आणि हातातली काठी आडवी धरून चुकार मेंढरांना शाळेपासून लांब हाकत होता.

वळणावरून केशरबाईंची गाडी येत होती. “चालली का गं सरजे?” त्यांनी गाडी थांबवून विचारलं. “आन् लेक?”

“ती कामावर हाय काकू,” सरजाबाई म्हणाली, आणि मान वर करून चालू लागली.